तेवीस तारखेचा महिना

"बाबा, सही करा आणि मोकळे व्हा," नीन्के म्हणाली आणि बँकेचा कागद तिने टेबलावरून पुढे सरकवला.

वीब्रनने कागदाला हात लावला नाही. सही केली की खातं मुलीच्या ताब्यात जाणार आणि दर सोमवारी ती त्याला खर्चाला पैसे देणार. एकाहत्तराव्या वर्षी खाऊचे पैसे.

"मी सगळं लिहून ठेवतोय," तो म्हणाला. "पाव, कॉफी, साबण. बघ हवं तर."

"लिहिताय ना? मग तीन महिने खातं वजा कसं?"

वीब्रनने खर्चाची वही मिटली. उभा जन्म त्याने कालव्यावरचा पूल बोटींसाठी वर घेतला आणि खाली सोडला. पगार रिन्स्केच्या हातात द्यायचा. ती तो कसा पुरवते, हे त्याने कधी विचारलं नाही. मार्चमध्ये रिन्स्के गेली आणि आता विचारायला कुणी राहिलं नाही.

"एक महिना दे," तो म्हणाला. "पुन्हा वजा झालं तर तोंडातून शब्द न काढता सही करीन."

"बरं. पण वाढदिवस राहू दे या वर्षी. वीसबावीस माणसं, कॉफी, केक... कशाला?"

"कशाला म्हणजे? मी अजून आहे ना?"

नीन्केने कागद पर्समध्ये परत ठेवला.

पुढच्याच आठवड्यात तेवीस तारखेला पेन्शन जमा झाली. वीब्रनला नेहमीसारखं हायसं वाटलं. बुटांचे तळ गेले होते, म्हणून तो नवे बघायला बाजारात निघाला. वाटेत मासळीच्या गाडीवरून ड्यूवेने हाक मारली.

"काय वीब्रन! रिन्स्के गेली आणि तू माझ्याकडे यायचंच सोडलंस. ती एक तेवीस तारीख चुकवायची नाही."

"तेवीसच का?"

"आता ते तू मला विचारतोस? यायची, दोघांपुरती तळलेली मासळी घ्यायची आणि म्हणायची, 'ड्यूवे, नवा महिना लागला.' मी म्हणायचो, बाई, आज तेवीस आहे. ती म्हणायची, 'तुझ्या घरी असेल.'"

वीब्रन हसला. घरी मासळी आणली की हे वाक्य ती त्यालाही ऐकवायची. त्याला ती थट्टा वाटायची. काटे काढत तो नुसता हूं म्हणायचा.

बुटांच्या दुकानाच्या दारात तो थबकला. घरभाडं, वीज, गॅस, विमा, सगळं एक तारखेला खात्यातून आपोआप कापलं जायचं. आणि पेन्शन यायची तेवीसला. म्हणजे मधला आठवडा तो ज्या पैशावर खूश असायचा, तो पैसा त्याचा नव्हताच. भाड्याचा होता. तो बूट आणायचा, दुरुस्तीवाल्याला बोलवायचा, आणि एक तारखेला खातं तोंडघशी पडायचं. त्याची वही बरोबर होती. महिनाच चुकीच्या दिवशी सुरू होत होता.

तो बूट न घेता घरी आला आणि त्याने फोन लावला.

"नीन्के, आपला महिना आजपासून."

"आज तेवीस आहे, बाबा."

"तुझ्या घरी असेल," वीब्रन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्या दिवशी त्याने एक तारखेला जाणारे सगळे पैसे आधी बाजूला धरले. त्यांना खात्यात राहू दिलं. उरले ते रोख काढले आणि चार पाकिटांत घातले, आठवड्याला एक. पाकिटं त्याने एकेक हातात तोलून बघितली. एवढ्यातच रिन्स्के फुलंसुद्धा आणायची?

पहिलं पाकीट शुक्रवारपर्यंतही टिकलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने बाहेरची कॉफी सोडली. तिसऱ्यात तो बाजार उठायच्या वेळी जायला शिकला, तेव्हा भाजीवाले मोठ्याने ओरडतात आणि स्वस्तात देतात. चौथ्या पाकिटात मात्र वाढदिवस होता.

बेकरीतले केक त्याने काचेबाहेरूनच बघितले. मग शेजारच्या ट्रूसकडे गेला. तिच्या झाडाची सफरचंदं खाली पडून सडत होती.

"शिडीवर मी चढतो. अर्धी तुझी, अर्धी माझी."

"पडलास तर अख्खी माझी," ट्रूस म्हणाली.

पहिला केक खालून करपला. ट्रूसने चाखला. "वरून केक, खालून कौल. बुटाला तळ म्हणून लाव." दुसऱ्याला तिने स्वतः उभं राहून त्याच्याकडून पीठ मळून घेतलं.

वीस ऑक्टोबरला बैठकीत खुर्च्या गोल मांडल्या गेल्या. माणसं आली. रीतीप्रमाणे प्रत्येकाने आधी वीब्रनशी हात मिळवला, मग घरच्या एकेकाशी. "वडिलांबद्दल अभिनंदन, नीन्के." मग तिच्या नवऱ्याला, "सासऱ्यांबद्दल अभिनंदन." दरवर्षी यानंतर लोक रिन्स्केकडे वळायचे. यंदा ट्रूसचा हात क्षणभर तसाच हवेत राहिला. मग तिने तो पुन्हा वीब्रनच्याच हातात दिला. "तिच्या वाट्याचंही तुलाच."

कॉफी झाली, माणशी एक तुकडा केक झाला. कुणीतरी दुसरा तुकडा मागितला. या गावात तसं कुणी मागत नाही. वीब्रनने छाती पुढे काढून तो दिला.

नीन्केच्या शुभेच्छापत्रातून पन्नास युरोंची नोट निघाली. त्याने तिला स्वयंपाकघरात गाठून ती परत केली.

"हे या महिन्यात चालणार नाही."

"भेट आहे, बाबा!"

"तेवीसनंतर दे. आनंदाने घेईन."

बावीस तारखेला ती आली. आधी तिने फोनवर खातं बघितलं. एक तारखेचं सगळं गेलेलं होतं, पण वजा नव्हतं. वीब्रनने चौथं पाकीट टेबलावर उपडं केलं. पाचची नोट आणि थोडी नाणी.

"सहा युरो चाळीस," नीन्के म्हणाली. "एवढेच?"

"शिल्लक आहेत. शिल्लक."

ती हसायला लागली आणि हसताहसताच तिचे डोळे भरले. पर्समधून कागद काढून तिने त्याचे चार तुकडे केले. "हे आईने बघायला हवं होतं," ती म्हणाली. वीब्रनने मान हलवली.

ती गेल्यावर तो कोट चढवून फुलांच्या टपरीवर गेला. पिवळ्या शेवंतीची जुडी सहा युरोंना होती.

"भेट द्यायची आहे का? कागदात गुंडाळू?" फुलवालीने विचारलं.

"नको. घरी ठेवायची आहेत."

फुलदाणी शोधायला वेळ लागला. ती त्याने रिन्स्के ठेवायची तशी रस्त्यावरच्या मोठ्या खिडकीत ठेवली, पडदे दोन्ही बाजूंना पुरते सारले, दिवा लावला आणि वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी बसला. बाहेरून सायकलवर जाणारे लोक आत बघत होते. बघू देत, घर नीट चाललंय, म्हणून त्याने खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली.