या, बसा

शिकागोहून कलेची पदवी घेऊन आले ना, त्यामुळे मला अक्कल जरा जास्तच झाली होती. थर्ड वॉर्ड या आमच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जुन्या लाकडी घरांच्या रांगेतलं एक घर तिथल्या कला समितीकडून कलाकृती मांडायला मिळालं, तर मी तिथे आमच्याकडची बैठकीची खोली जशीच्या तशी उभी केली. व्हर्लीनमावशीचा खराखुरा सोफा, त्यावर जाड प्लास्टिकचं कव्हर, काचेची फळं, भिंतीवर रविवारी चर्चला जायच्या झोकदार टोप्या घातलेल्या बायकांचे फोटो. नाव दिलं ‘या, बसा’. समितीची अट एकच: शेजाऱ्यांनी खोली वापरली पाहिजे, नाहीतर शनिवारी घर दुसऱ्या कलाकाराला.

चार दिवसांत अख्खी गल्ली येऊन गेली. बसलं कुणीही नाही! दारात बूट काढायचे, मान आत घालायची, ‘वा!’ म्हणायचं आणि ओसरीवर जाऊन गप्पा ठोकायच्या.

“अहो पर्विसकाका, बसा ना!” शेवटी मी शेजारच्या काकांपुढे काकुळतीला आले.

“वेड लागलंय का पोरी? प्लास्टिकवर? आईने तंगडं मोडलं असतं माझं!” काका एकाहत्तर वर्षांचे. आईला जाऊन तीस वर्षं झालेली.

खोली इतकी हुबेहूब झाली होती की बसायची कुणाची छातीच होईना. केवढा माझा अस्सलपणाचा तोरा! आणि खरं सांगते, चार दिवसांत मीही तिथे टेकले नव्हते.

शनिवारी समितीच्या बाई यायच्या तासभर आधी मावशी आली. मी रडायचीच बाकी होते. “घर जाणार गं माझं. तू तरी बस!”

मावशी सोफ्याकडे बघत राहिली. “छत्तीस वर्षं पुसला हा, पाहुण्यांसाठी. एकदाही टेकले नाही बघ.” मग पर्स सावरून ती ऐटीत मधोमध बसली. प्लास्टिक करकरलं. “पर्विस, ये रे. आज आपणच पाहुणे.”

काका आले, त्यांच्यामागून ओसरीवरचे सगळे आले. कुणी सोफ्याच्या हातावर, कुणी गालिच्यावर. मला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. मीही मावशीच्या पायाशी बसायला वाकले.

“तू कुठे?” मावशी खेकसली. “सरबत कोण करणार? जा आत!”

मी मुकाट्याने स्वयंपाकघरात लिंबं पिळत होते, तेव्हा समितीच्या बाई आल्या. त्यांना बसायला जागाच उरली नव्हती. “कलाकार कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

“इथे कुणी कलाकार नाही,” मावशी म्हणाली. “आमची जोनेल आहे. सरबत करतेय.”