पेटीतलं काऊन

धाडसारख्या गावात सिनेमाची कंपनी होती, असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नका. खुद्द शालिग्राम ही गोष्ट इतकी वर्षं सांगतोय की आता बसस्टँडवरची कुत्रीसुद्धा अर्ध्यातून उठून जातात.

पण कंपनी होती. 'कोकिळा पिक्चर' तिचं नाव. ऑफिस म्हणजे रहेमतुल्लाचं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान, स्टुडिओ म्हणजे शालिग्रामचं अंगण, आणि सगळी कंपनी एका चुलीवर जेवायची. लग्नांच्या शूटिंगा करता करता शालिग्राम गोष्टी लिहायला लागला. कॅमेरा धाकटा भाऊ सहदेव धरायचा. रहेमतुल्ला लांब बांबूला माईक बांधून आवाज घ्यायचा. लेक अनुपमा लागेल त्या वयाचं पोर व्हायची. आणि हिरोईन शालिग्रामची बायको कोकिळा. 'कट' हा शब्द शालिग्रामला अशुभ वाटायचा, म्हणून तो 'बस' म्हणायचा. पहिल्या दिवशी तो 'बस' म्हणाला आणि कोकिळा चुलीपुढं खाली बसली. तेही पिक्चरमध्ये तसंच ठेवलं.

कोकिळा जळगाव जामोदची, सातपुड्याच्या पायथ्याची. धाड त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पलीकडं लगेच जालन्याचं शिवार. धाडात 'का' विचारायचं तर 'कामून' म्हणतात. कोकिळा म्हणायची 'काऊन'. आणि नुसतं म्हणायची नाही, त्या 'का'ला झोका द्यायची. नवी नवरी होती तेव्हा विहिरीवरच्या बाया मुद्दाम तिला काहीतरी सांगायच्या, ती 'काऊन?' म्हणायची, आणि बाया घागरी खाली ठेवून हसायच्या. ती रडत घरी आली नाही. दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्यानं 'काऊन?' म्हणाली. शालिग्रामला पिक्चर काढायची बुद्धी झाली ती तिथं.

पहिला पिक्चर 'सासू गेली बाजाराले'. बाजाराच्या दिवशी रहेमतुल्लानं काळ्या ताडपत्रीचा तंबू ठोकला आणि आत पडदा लावला. शालिग्रामच्या सांगण्याप्रमाणं त्या दिवशी बाजारात वांग्याचं एक डालगं विकलं गेलं नाही, कारण विकणारे आणि घेणारे दोघंही तंबूत. देऊळघाटच्या एका म्हाताऱ्याची हसताना कवळी उडाली, ती पुढच्याच्या पागोट्यात सापडली, तीही पुढच्या बाजारी. यातलं किती खरं ते रहेमतुल्लाला विचारा. तो म्हणेल, "कवळी उडाली व्हती. पागोट्याचं मला मालूम नाही."

त्या पिक्चरमध्ये कोकिळा सासूपुढं परात आपटून म्हणते, "बैल रुसला त चार जन समजूत काढता. मी रुसली त कोनी इचारत नाही. काऊन?" आणि थोडं थांबून, "आन उद्या मी गेली, त रडसान काऊन?"

बस, हे वाक्य सीड्यांवर बसून जिल्हाभर फिरलं. कंडक्टर 'पुढं सरका' म्हणाला की मागून अख्खी एसटी म्हणायची, 'काऊन?' मास्तरनं पाढे विचारले की पोरं म्हणायची, 'काऊन?' सात वर्षांत नऊ पिक्चर निघाले. कोकिळा बाजारात गेली की भाजीवाल्या पिशवीत दोन मिरच्या जास्त टाकायच्या, आणि बदल्यात तिनं एकदा 'काऊन' म्हणावं एवढीच त्यांची अट असायची.

मग पुण्याचे साहेब आले. त्यांचं नाव शालिग्राम कधी घेत नाही. त्यांनी अंगणात खाटेवर बसून तीन पिक्चर पाहिले, चहा प्याले आणि म्हणाले, "गोष्ट फक्कड आहे. वहिनींचा चेहरा बोलका आहे. भाषा तेवढी जरा नीट करून घेऊ. सगळ्या महाराष्ट्राला कळायला हवी ना."

शालिग्रामला तेव्हा सगळा महाराष्ट्र आपल्या अंगणात चपला काढताना दिसायला लागला. पुण्यात एका मुलीनं काचेच्या खोलीत बसून कोकिळेचे नऊही पिक्चरमधले संवाद म्हटले. छान म्हटले, त्या पोरीचा दोष नाही. कोकिळेला यातलं काही सांगितलं नव्हतं. शालिग्रामला ती एकदम पडद्यावरच पाहून हरखेल असं वाटलं होतं.

साहेबांची एक अट होती, जुना माल बाजारात दिसायला नको. शालिग्राम स्वतः गावोगाव हिंडला. जुनी सीडी द्या, नवी आली की घेऊन जा. धाड, देऊळघाट, पार वरती जळगाव जामोदपर्यंत. लोकांनी विश्वासानं दिल्या. पोतं भरून आणल्या आणि गावाबाहेरच्या खदानीत जाळल्या, काळा धूर झाला. घरी कॉम्प्युटरवर बसलेल्या सहदेवनं विचारलं, "दादा, नव्यासाठी जागा पुरत नाही. वहिनीचा जुना आवाज ठेवू का?"

"कामून?" शालिग्राम म्हणाला. "आता त्याचं काय काम?"

सहदेवनं एक बटण दाबलं.

पुन्हा बाजाराचा दिवस, पुन्हा तोच तंबू. कोकिळा नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसलेली. पडद्यावर कोकिळेनं परात आपटली, तोंड उघडलं आणि एक परकी मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मी रुसले तर कोणी विचारतही नाही. का बरं?"

तंबूत कोणी हसलं नाही. मग मागून एक जण हसला, आणि मग सगळे. पण ते हसणं वेगळं होतं, विहिरीवरचंही नव्हतं. कोकिळेनं मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं.

"काऊन हो?" तिनं विचारलं.

शालिग्रामला जगातली कोणतीही गोष्ट रचता येत होती. त्या वेळी मात्र तो उठून पडद्याची दोरी सारखी करायला गेला.

नवे पिक्चर पुण्यातही चालले नाहीत, इथंही नाहीत. लोकांनी नव्या सीड्या दोऱ्याला बांधून ज्वारीत टांगल्या. पाखरं भ्यायची म्हणे. सहदेव कॅमेरा घेऊन जालन्याला लग्नं करायला निघून गेला, तो दिवाळीलासुद्धा येईना. कोकिळा त्यानंतर कॅमेऱ्यापुढं उभी राहिली नाही. भांडली नाही, रुसली नाही. घरात बोलायची, पण मोजकं. आणि 'काऊन' म्हणायचं तिनं सोडून दिलं. शालिग्राम म्हणायचा, "आज मी उपाशी निजतो." ती म्हणायची, "बरं."

चार वर्षांनी कावीळ झाली आणि ती गेली.

आवाजाचं खोटं शालिग्राम पहिल्यांदा बोलला ते त्या दिवशी. अनुपमा पुण्याहून आली होती, तिथंच शिकून नोकरीला लागलेली. आईच्या पायांशी बसून तिचं रडणं थांबेना. शालिग्रामला काही सुचेना, तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "रडू नको, अनू. आईचा आवाज हाये माझ्यापाशी. एक जुनी सीडी पेटीत ठेवलीय."

ती थांबली. खोट्याचा एवढा लगेच गुण येतो हे त्याला माहीत होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

पुढं ती दरवर्षी आली की विचारायची आणि तो दरवर्षी नवी गोष्ट सांगायचा. पेटीची किल्ली विहिरीत पडली. सीडीला बुरशी चढू नये म्हणून तांदळात पुरलीय, अधिक महिन्यात उकरायची नसते. एका वर्षी तर पेटीवर नाग बसला होता, शालिग्राम दूध ठेवायचा आणि नाग ते पिऊन पुन्हा तिथंच. अनुपमा हसायची आणि परत जायची.

दरम्यान त्यानं ज्वारीच्या शेताशेतांतून टांगलेल्या सीड्या सोडवून आणल्या. एखादी जुनी बदलायची राहिली असेल. ज्या चालल्या त्या सगळ्यांतून पुण्याची पोरगीच बोलली.

या उन्हाळ्यात अनुपमा पाच वर्षांच्या छकुलीला घेऊन आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, या वेळी नाग-बिग नको. छकुली विचारते, आजी कशी बोलायची? मी करून दाखवायला गेले तर मला येईना. तोंडच वळेना. कॉलेजात मुली हसायच्या म्हणून मी तसं बोलणं सोडलं, ते गेलंच. मला एकदा ऐकायचंय फक्त."

"परवा देतो," शालिग्राम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रहेमतुल्लाच्या घरी गेला. रहेमतुल्लाची बायको नजमुन्निसा कोकिळेची सावली होती. दर शूटिंगला तिचा पदर सारखा करायची, आणि मागून नक्कल अशी करायची की कोकिळा स्वतः वळून पाहायची.

"भाभी, एकदा," शालिग्राम म्हणाला. "दोन वाक्यं."

"शालिकभाऊ, हे गुनाह हाये," रहेमतुल्ला म्हणाला. "लेकीला सांगून टाका. रडंल, बोलंल, मग चूप होईल."

"तिची माय दोनदा मारली मी, हे सांगू?"

यावर रहेमतुल्ला उठला आणि बांबूचा माईक शोधायला लागला.

नजमुन्निसानं हात पदराला पुसले. मग आत जाऊन लवंग घेऊन आली. कोकिळा शॉटच्या आधी दाढेखाली लवंग धरायची. "तिच्याशिवाय तो आवाज निघत नाही," ती म्हणाली. डोक्यावरचा पदर तिनं कोकिळेसारखा डाव्या हातानं मागं सारला, आणि बोलली.

शालिग्रामनं डोळे मिटून घेतले होते. इतक्या वर्षांनी पुन्हा ती परात आपटली. पहिल्या 'काऊन'ला त्याच्या नाकातून पाणी यायला लागलं. पुढचं त्याला नीट ऐकू आलं नाही. वाक्य संपलं तरी तो 'बस' म्हणाला नाही. माईक धरून रहेमतुल्ला तसाच उभा, नजमुन्निसा तशीच उभी. शेवटी रहेमतुल्लाच म्हणाला, "झालं, भाऊ." पुन्हा एकदा घ्यावं का, असं तिनं विचारलं. शालिग्रामनं हातानंच नको म्हटलं. दुसऱ्यांदा ऐकायचं बळ त्याच्यात नव्हतं. डायरेक्टर म्हणून त्यानं आयुष्यात केलेली ती सगळ्यात मोठी चूक.

परवाच्या दिवशी सकाळी अंगणात खाट टाकली. रहेमतुल्लानं स्पीकर आणला आणि नजर चुकवून दारापाशी उभा राहिला. शालिग्रामनं पेटी उघडून दाखवली, तांदळाचे चार दाणेही मुद्दाम पेरलेले. "सीडी घासलेली हाये, चित्र नाही दिसत," तो म्हणाला. "आवाज तेवढा वाचला. रहेमतुल्लानं काढून दिला."

छकुली खाटेवर मांडी घालून बसली. अनुपमानं दोन्ही हात मांडीत घट्ट धरले.

परात आपटली.

"बैल रुसला त चार जन समजूत काढता. मी रुसली त कोनी इचारत नाही. काऊन?"

अनुपमाचा हात तोंडावर गेला. तिचे डोळे भरून आले आणि त्या भरल्या डोळ्यांनी ती हसली, अगदी लहानपणी हसायची तशी. शालिग्रामनं श्वास सोडला. जिंकलो, असं त्याला वाटलं. छकुली आईकडं पाहून पुटपुटली, "काऊन."

स्पीकरमधला आवाज थोडा थांबला. कोकिळा थांबायची तेवढाच.

"आन उद्या मी गेली, त रडसान कामून?"

तो शब्द शालिग्रामच्या कानात शिरला. नजमुन्निसा धाडची. जन्मापासून तिच्या जिभेवर तोच शब्द. शेवटच्या वाक्याला तिचाही गळा दाटला असणार, आणि गळा दाटला की माणसाच्या तोंडून स्वतःची बोली निघते. तो अनुपमाकडं न पाहता छकुलीच्या वेणीकडं पाहत राहिला. लेक पुण्याची झाली आहे, तिला आता काऊन काय आणि कामून काय. त्यानं देवाकडं एवढंच मागितलं.

रहेमतुल्लानं स्पीकर बंद केला. अनुपमाच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, ते तिथंच अडकून राहिलं होतं.

"ही नजमाचाची आहे," ती म्हणाली.

"नाही गं, सीडी घासलेली, तर आवाज थोडा..."

"आई मरेपर्यंत एकदाही कामून म्हणाली नाही, बाबा. पेटीत काही नव्हतंच ना? कधीच नव्हतं."

शालिग्राम गोष्ट शोधायला लागला. नाग, किल्ली, विहीर, काहीही. एकही हाताला लागेना. अनुपमा त्याच्याकडं बघत होती. मान किंचित वळवून, तंबूतल्या पहिल्या रांगेतून कोणीतरी बघितलं होतं तशी. आणि मग इतकी वर्षं न वळलेलं तिचं तोंड आपोआप वळलं. त्या 'का'ला तोच झोका आला.

"खोटं बोलले तुम्ही मले," ती म्हणाली. "काऊन हो?"