मऊ तोंडाची टिली

मुरियल थर्लवेलच्या घरात सवत आली ती चार पायांची. चॉकलेटी-पांढरी, लोंबत्या कानांची, स्पॅनियल जातीची कुत्री, अजून पिल्लूच, आणि नाव टिली.

मुरियलचा नवरा एडविन नॉर्थंबरलंडातल्या एका इस्टेटीवर रानाचा राखणदार होता. उन्हाळाभर फेझंट वाढवायचे, कोल्ह्यांपासून जपायचे, हिवाळ्यात पैसेवाले शिकारी आले की हाकारे लावून ते पक्षी त्यांच्या बंदुकांपुढे उडवायचे, आणि पडलेला पक्षी कुत्र्याकडून आणवायचा. जन्मभर त्याने हेच केलं. मुरियल स्वतः राखणदाराचीच मुलगी, त्यामुळे तिला यात नवल काही नव्हतं. एडविन बोलायचा मोजकं. "चहा." "दार लाव." "उद्या हाका आहे." एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार चालला होता. पुरुष असेच असतात, अशी मुरियलची समजूत होती. तिचा बापही तसाच होता, मग तक्रार कुणाकडे करायची?

ती समजूत टिलीने मोडली.

एका सकाळी मुरियल भांडी घासत होती. खिडकीबाहेर अंगणात एडविन गुडघ्यांवर बसला होता. त्याने जुन्या मोज्याचा बोळा करून फेकला. पिल्लू धडपडत गेलं, बोळा तोंडात धरून तसंच धडपडत परत आलं. एडविनने तो हिसकावला नाही. पिल्लाच्या छातीखाली हात धरून तो म्हणाला, "आली गं माझी राणी. शहाणी गं माझी ती. घाई नाही हं, धर हवं तेवढा वेळ. किती छान आणलंस."

मुरियलच्या हातातली बशी हातातच राहिली. हा आवाज कुणाचा? लग्नाच्या दिवशी हा आवाज निघाला नव्हता. थोरल्या मुलीच्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली, तेव्हा निघाला नव्हता. नसताच त्याच्याकडे, तर गोष्ट वेगळी होती. पण होता की मेल्याकडे. साठवून ठेवला होता आणि आता एका कुत्रीवर ओतत होता.

त्या दिवसापासून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. एडविन आता जेवतानाही बोलायचा, पण काय बोलायचा? आज टिली शिट्टीला पहिल्या फटक्यात बसली. आज पक्ष्याचे पंख बांधलेली थैली गवतात लपवली, ती तिने नाकाने शोधून काढली. एकदा तर पाईचा घास हातात धरून तो म्हणाला, "तोंड बघ तिचं. उकडलेलं अंडं आणायला लावलं. हातात ठेवलं तर कवचाला तडा नाही. हे माझं शेवटचं पिल्लू, मुरियल. गुडघे गेले माझे. पण असं मऊ तोंड जन्मात एकदाच मिळतं."

"हो का," मुरियल म्हणाली. माझंही तोंड बघतोयस की इतकी वर्षं, त्याबद्दल कधी चार शब्द सुचले नाहीत ते, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते बटाट्याबरोबर गिळलं.

मऊ तोंड म्हणजे काय, ते तिला नीट ठाऊक होतं. पक्षी असा आणायचा की त्याची एक बरगडी मोडता कामा नये. चेचलेला पक्षी ताटात कोण घेणार? म्हणून पिल्लाच्या तोंडातली वस्तू कधी ओढायची नाही. ओढाओढी केली की पिल्लू दात रोवायला शिकतं, आणि एकदा दात रोवले की ते कुत्रं शिकारीतून बाद. तिच्या बापाने याच कारणासाठी लहानपणी तिच्या कानफटात दिली होती.

एक दिवस एडविन रानात गेला होता आणि टिली स्वयंपाकघरात होती. दात पडायचे दिवस होते तिचे, सारखी काहीतरी चावायची. शेगडीजवळचं फडकं तोंडात धरून ती ऐटीत मुरियलपुढे येऊन बसली. घे, म्हणत होती बिचारी. मुरियलने फडक्याचं टोक धरलं, आणि ओढलं.

टिलीला आधी काही कळेना. मग कळलं. तिने पुढचे पाय रोवले, ढुंगण वर केलं आणि लटकं गुरगुरत ओढायला सुरुवात केली. मुरियलला हसू आलं. खरंच आलं. हा नुसता खेळ आहे, असं तिने मनाला सांगितलं, आणि मनाला ते पटलं नाही तरी दुसऱ्या दिवशी तिनेच फडकं पुढे केलं.

मग ते रोजचंच झालं. वर त्यात आणखी एक गंमत होऊन बसली. कुत्रीचा जीव तिच्यावर जडला. मुरियल जाईल तिथे टिली मागे. बाहेर एडविन तिला राणी म्हणायचा आणि आत ती मुरियलच्या पावलावर डोकं ठेवून झोपायची. घे, मुरियल मनात म्हणायची, बोल आता तिच्याशी गोड गोड. मधेच कधीतरी तिच्या मनात यायचं, की हे आपण काय करतोय? त्या दिवशी फडकं ती दांडीवर उंच टांगायची. मग संध्याकाळी अंगणातून आवाज यायचा, "शहाणी गं माझी ती," आणि सकाळी फडकं पुन्हा खाली यायचं.

नोव्हेंबरात टिलीची पहिली शिकार आली. पाहुणे शिकारी कुंपणाशी रांगेत उभे, मागे एडविन, त्याच्या पायाशी टिली. हाक्याच्या दिवशी सूप घेऊन जायचं काम मुरियलचंच असायचं. ती पातेलं घेऊन फाटकापाशी उभी होती, शेजारी म्हातारा टॉट रेनी. तो हाकाऱ्यांतला जुना माणूस, आता नुसता बघायला येणारा, आणि तोंडाचा फाटका.

"एडविन बघा," टॉट म्हणाला. "पोरीला उजवायला आल्यासारखा उभा आहे."

बंदुका वाजल्या. पक्षी पडत होते तरी टिली जागची हलली नाही. मग एडविनने हात केला. ती सुटली, झुडपात घुसली आणि एक मादी फेझंट तोंडात धरून बाहेर आली. मान ताठ, शेपूट नाचतंय. एक शिकारी "वा" म्हणाला. एडविन गुडघ्यावर बसला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

टिली त्याच्या बाजूने निघून गेली. ती थेट फाटकापाशी आली, मुरियलपुढे उभी राहिली, पुढचे पाय रोवले, ढुंगण वर केलं आणि पक्ष्याला झटके देत गुरगुरायला लागली. एक पंख तिने मुरियलच्या हाताला लावला. धर ना. ओढ ना.

"मुरियलबाई," टॉट हसत म्हणाला, "ही तर तुमची शिष्या निघाली." मग त्याने मुरियलचा चेहरा पाहिला आणि तो टोपी सारखी करत बाजूला झाला.

एडविन चालत आला. "सोड," तो म्हणाला, आणि टिलीने सोडलं. त्याने पक्ष्याच्या पंखांखाली अंगठा आणि बोट घालून दोन्ही बाजूंच्या बरगड्या चाचपल्या. बराच वेळ चाचपल्या. तो पक्षी त्याने इतरांबरोबर टांगला नाही, स्वतःच्या खिशात घातला. टिलीला दोरी लावली आणि मुरियलकडे न बघता तो परत रांगेत गेला.

घरी आल्यावर त्याने बूटही काढले नाहीत.

"कधीपासून?"

"तिचे दात पडत होते तेव्हापासून."

"तुला माहीत होतं काय होईल ते."

"होतं."

"मग का?"

मुरियलला वाटलं होतं, रडू येईल. आला तो राग. "तू बोलतोस तिच्याशी. राणी म्हणतोस. मी या खिडकीत उभी राहून ऐकते रोज, शेजारच्या घरातलं ऐकावं तसं. मला कधी म्हणालास तसं काही? एकदा तरी?"

एडविन खरोखर विचारात पडला. "कुत्र्याशी बोलावं लागतं," तो शेवटी म्हणाला. "ते शिकत असतं. तुला मी काय शिकवणार? तुला सगळं येतच होतं."

"मग तेवढं तरी सांगायचंस."

"टिलीला माझ्या बहिणीकडे न्यूकॅसलला पोचवतो," तो म्हणाला. "सोफ्यावर बसून राहील."

"नको रे. राहू दे इथेच. मी सांभाळीन तिला."

"तू?" एडविन म्हणाला. एवढंच म्हणाला आणि कुत्रीचं खाणं घेऊन बाहेर गेला.

मुरियलचे पाय आपसूक खिडकीकडे वळले. अंगणात अजून उजेड होता. एडविनने भांडं खाली ठेवलं. टिली त्याच्यापुढे बसली. शब्द ऐकल्याशिवाय तोंड घालायचं नाही, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. एडविनने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर खिडकीकडे गेली. तिथे मुरियल दिसली. त्याने तोंड मिटलं आणि नुसता हात हलवला.

टिलीने खाल्लं नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत बसून राहिली. खिडकीत मुरियलही तिकडेच बघत होती.