सहावी अट

नेमणूक झाल्यापासून सतरा वर्षांत शिवदास गायधनींचे वय एका दिवसानेही वाढले नव्हते. रुजू झाले तेव्हा ते एकोणसाठ वर्षांचे होते आणि अजूनही तेवढेच होते. डोक्यावरचा एक केस गळला नाही, एक दात हलला नाही. छत्रीची काडीसुद्धा मोडली नाही.

याचे कारण छापलेलेच होते. सरकारी लेखापरीक्षकाच्या सेवाशर्तींत पाचवी अट मुदतीची होती: सहा वर्षे किंवा वयाची पासष्ट वर्षे, यांत जे आधी होईल ते. तिच्या खाली सहावी: नेमणुकीनंतर लेखापरीक्षकाच्या तोट्याचा कोणताही बदल करता येणार नाही. ही अट पगारासाठी लिहिलेली असावी, पण तिच्यात पगार हा शब्द नव्हता. आणि कागदावर जे नाही ते धरायचे नाही, हे तर गायधनी स्वतःच आयुष्यभर दुसऱ्यांना सुनावत आले होते. म्हणून अट सगळ्यालाच लागू झाली. मुदतीतला एक दिवस कमी होणे हाही तोटाच होता, तोही झाला नाही.

पहिली काही वर्षे बरी गेली. पाऊस त्यांच्या अंगावर न पडता बाजूने पडे. ठेच लागायची असली की दगडच सरकून बसे. गायधनींना ते आवडलेही होते, खोटे कशाला बोला.

त्यांची बायको मालन त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान होती. आता ती तेरा वर्षांनी मोठी होती. तिच्या वयाला कोणाची अट नव्हती. बाजारात लोक म्हणत, "आईंना जरा सावलीत बसवा." मालन हसून म्हणे, "बसवतो हो, मुलगा गुणाचा आहे माझा." मग घरी येईपर्यंत ती पदर पुढे ओढून चालत असे.

या वर्षी तिचे छातीचे दुखणे वाढले आणि ती खाटेला लागली. हे दुखणे गायधनींच्या तोट्याचे होते, म्हणून घर ते त्यांच्यापासून लांब न्यायला लागले. स्वयंपाकघरापासून खाटेपर्यंत आठ पावलांची खोली होती. आषाढात ती चाळीस पावलांची झाली. श्रावणात औषधाचा पेला घेऊन निघाले की पोचायला पाऊण तास लागे आणि पेल्यातले पाणी गरम होऊन जाई. फरशा त्याच होत्या, खिडकीही एकच होती. फक्त मधले अंतर वाढले होते.

"आलात?" मालन लांबून विचारायची.

"येतोय. तुला दिसतोय का?"

"ठिपका दिसतो. तुम्हीच असाल." आणि थोड्या वेळाने, "अहो, मी गेले तर तुम्हाला कळायला किती दिवस लागतील?"

गायधनी चालत राहिले. पण पेला धरलेला हात थरथरायला हवा होता, तो थरथरला नाही, हे त्यांना त्या दिवशी सहन झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुख्य कार्यालयात अधीक्षक बोऱ्हाडेबाईंच्या समोर बसले. राजीनामा लिहून आणला होता. खाली सही करायला गेले तर टाकाला लागलेली शाई कागदावर न उतरता वर चढली आणि टाकात जाऊन बसली.

"ती नाही उतरायची," बोऱ्हाडेबाई म्हणाल्या. "राजीनामा तुमच्या तोट्याचा. मी हातात घेतला तर माझी चौकशी लागेल."

"मग मला काढून टाका."

"गैरवर्तन सिद्ध झालं तर काढता येतं. तुमचं काही आहे का?"

"नाही."

"तेच ना. एवढी वर्षं कशाला इतकं चांगलं वागलात?"

"काय केलं म्हणजे होईल, बाई?"

"ते मी सांगितलं तर आपण दोघंही त्यात आलो." बाईंनी पंख्याकडे पाहिले. "तपासणीला कुठे बसता?"

"वजनमापांच्या कार्यालयात, पहिल्या दिवसापासून."

"तिथली माणसं फार अगत्याची आहेत म्हणतात," बोऱ्हाडेबाई म्हणाल्या आणि दुसरी फाईल उघडली.

वजनमापांच्या कार्यालयात गायधनींचे टेबल इतरांपासून चार हात लांब ठेवलेले असे. लेखापरीक्षकाने तपासणीच्या ठिकाणी कोणाचे पाणीदेखील घ्यायचे नाही, ही पहिलीच अट होती. गायधनी घरून तांब्या आणत. तरीही रोज अकरा वाजता शिपाई रखमाजी बशीने झाकलेला कप टेबलावर ठेवायचा. साहेबाला विचारणे ही रीत होती आणि साहेबाने नको म्हणणे हीही रीत होती. सतरा वर्षे दोन्ही रीती सुरळीत चालल्या होत्या.

"साहेब, चहा."

"ठेव. घेणार आहे आज."

रखमाजी हलला नाही. कार्यालयातली सगळी माणसे मान वर न करता ऐकू लागली.

"साहेब," रखमाजी खालच्या आवाजात म्हणाला, "यात चहा नाही."

गायधनींनी बशी उचलली. कप कोरडा होता. तळाशी बारीक धूळ होती.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही नकोच म्हणणार, हे सगळ्यांना ठाऊक. मग म्हटलं दूध कशाला नासवा."

"मग आता कर."

"शेगडी नाही साहेब इथं. आम्हीपण बाहेरच पितो."

गायधनी पहिल्यांदा त्या कार्यालयात मोठ्याने बोलले. ते म्हणाले, "रखमाजी, माझी बायको आजारी आहे. मला घरी पोचायचं आहे. कुठूनही आण, पण या कार्यालयाच्या कपात घालून दे."

एका कारकुनाने बायकोने भरून दिलेला थर्मास काढला. दुसऱ्याने कप आपल्या धोतराच्या सोग्याने पुसला. रखमाजी चहा ओतताना थांबला.

"साखर जास्त आहे साहेब यात. चालेल ना? विचारायची वेळच आली नाही कधी."

"चालेल."

गायधनींनी घोट घेतला आणि जीभ भाजली. टाळूपर्यंत चर्र झाले आणि डोळ्यांत पाणी आले. इतके बरे त्यांना कित्येक वर्षांत वाटले नव्हते. दुसरा घोट घेतला तेव्हा एक पांढरा केस तपासणीच्या वहीवर पडला. त्यांनी तो फुंकला नाही. सगळा चहा पिऊन कप बशीत उलटा घातला.

आदेश दुपारी दोनला आला. गैरवर्तन सिद्ध, सबब कार्यमुक्त. पोच म्हणून सही करायची होती. शाई खाली उतरली आणि एक ठिपका जास्तच पडला.

"सांभाळून जा, साहेब," रखमाजी म्हणाला.

"आता साहेब नाही."

"मग सांभाळून जा, गायधनी." आणि तो प्रथमच त्यांच्यासमोर हसला.

फाटकाबाहेर त्यांची राहिलेली वर्षे उभी होती. ती त्यांच्यामागून चालू लागली. पहिल्या वर्षाने त्यांना गाठले तेव्हा गुडघा दुखू लागला, चौथ्याने गाठले तेव्हा ऐकू कमी आले. गायधनी थांबले नाहीत. उन्हाचा चटका मानेवर बसत होता आणि ते मनातल्या मनात त्याला हो हो म्हणत होते.

घराच्या दाराशी ते भिंतीला धरून उभे राहिले. खोली आठ पावलांची होती. आठव्या पावलाला त्यांचा हात खाटेच्या कठड्यावर आला आणि थरथरला. मालन भिंतीकडे सरकली, त्यांना टेकायला जागा केली.

"किती म्हातारे झालात," ती म्हणाली, आणि आपल्या पदराने त्यांचे तोंड पुसले.

"बरा दिसतो का?"

"माझ्याजोगे दिसता." ती दाराकडे पाहत होती. "ही कोण माणसं?"

"माझीच आहेत. येऊ दे."

वर्षे उंबऱ्याबाहेर चपला काढून एकेक आत येत होती आणि भिंतीला लागून बसत होती. मालन बोटांवर मोजत गेली. गायधनींनी डोके तिच्या खांद्याला टेकवले आणि डोळे मिटले.

"सतरा," मालन म्हणाली. "मागची झाली ना सगळी?"

बाहेर ओसरीवर अजून चपला काढल्याचा आवाज येत होता.