काजवे दिसले की वजन खरं

“छाती भरून घे, श्वास कोंड आणि दांडा वर येईपर्यंत सोडू नकोस. सोडलास की गेलास!”

जिमच्या मास्तरांचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो तळघराच्या जिन्यात उभी राहून. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पाण्याची बाटली घरीच विसरून गेले होते, ती द्यायला मी गेले होते. खाली पाहते तर भाऊजी वाकलेले, कमरेला पट्टा आवळलेला, मानेवरच्या शिरा तटतटलेल्या आणि चेहरा जांभळा. लोखंडी दांडा हळूहळू गुडघ्यांच्या वर आला, मांड्यांना टेकला आणि धाडकन खाली पडला. सगळ्या जिमने एका सुरात विचारलं, “दिसले का?”

“दिसले!” भाऊजी भिंतीला धरून हसत म्हणाले.

दिसले म्हणजे काजवे. डोळ्यांपुढे काजवे चमकले की वजन खरं, नाहीतर नुसता व्यायाम, असा तिथला हिशोब होता. शरीर घडवायला एवढं वजन लागत नाही, हे मास्तरच एरवी सांगत. पण वर्षातून एक दिवस ते सगळ्यांना एकेकदा आपलं सर्वांत मोठं वजन उचलू देत आणि ज्याचं सर्वांत जास्त, त्याचं नाव भिंतीवर रंगवत. त्या एका दिवसासाठी ही मंडळी वर्षभर काजवे गोळा करत.

भाऊजी काचेच्या दुकानात कामाला. जिममध्ये त्यांना ‘क्रेन’ म्हणत, पण दुकानात त्यांच्याइतका हलका हात कोणाचा नव्हता. काच कापायच्या हिरकणीने रेघ ओढताना ते असेच श्वास रोखत. रेघ मध्ये थांबली की काच भलतीकडेच तडकते. तीच सवय मग अंगात भिनली. बुटाची नाडी बांधायलासुद्धा ते श्वास कोंडणार! “भाऊजी, नाडी आहे ती, रेल्वेचा रूळ नाही,” असं मी म्हणायची आणि माझी लेक काकांना हसायची.

मग एका संध्याकाळी ते पाठीत कळ घेऊन आले. दोन्ही खवाट्यांच्या मधोमध. स्नायू धरलाय म्हणून मास्तरांनी तेल चोळायला सांगितलं होतं. सकाळीही कळ जाईना, तेव्हा मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. गंमत अशी की मास्तरांचं खरं निघालं, कळ स्नायूचीच होती. पण डॉक्टरीणबाईंनी कसून तपासलं आणि दुसरंच सापडलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी सुरुवातीलाच फुगली होती.

“आज काही होणार नाही,” बाई म्हणाल्या. “औषध घ्या, वेळोवेळी दाखवा. पण श्वास कोंडून जड वजन उचलता ना, त्या क्षणी रक्ताचा दाब भलताच चढतो. फुगलेली नळी तेवढ्यात फाटू शकते. बोलता बोलता उचलता येईल तेवढंच उचलायचं, त्याच्यावर नाही.” मग त्यांनी सहज विचारलं, “घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं होतं का?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

आमचे हे गेले ते भरल्या घरात. लेक लहान होती. दोघातिघांनी हलवायचं कपाट एकटेच सरकवायला गेले, छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. आयुष्यच तेवढं, असं आम्ही सगळ्यांनी म्हटलं, आणि दुसरं काय म्हणणार?

“मग तुमच्या मुलीलाही आणा,” बाई मला म्हणाल्या. “हे घराण्यातून येतं.”

“आणते,” मी म्हणाले.

आणि नेलं नाही. आधी तिची परीक्षा होती, मग तिची सर्दी, मग माझंच काहीतरी. लेक हसत होती, खेळत होती, जिने दडदडा चढत होती. न पाहिलेलं दुखणं नसतंच, असं मन समजूत घालत होतं आणि मीही ते ऐकत होते.

भाऊजींनीही जिममध्ये कोणाला काही सांगितलं नाही. “पाठ धरलीय” एवढंच. बघता बघता जिममधला तो वर्षातला एक दिवस उजाडला.

सकाळची प्रार्थना होईपर्यंत मी कोणाशी बोलत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत. भाऊजी नेमके तेव्हाच येऊन समोर बसले.

“तुम्हाला बोलता येत नाही, म्हणूनच आत्ता आलोय,” ते म्हणाले. “एकदाच, वहिनी. एकदा उचलतो आणि कायमचं सोडतो. गेल्या वर्षी भिंतीवरचं नाव थोडक्यात हुकलं. सगळे वाट बघताहेत. औषध घेतोय की मी. एका वेळेनं काय होतंय?”

माझे ओठ हलत होते, पण काय म्हणत होते ते मला कळत नव्हतं. कशीबशी प्रार्थना संपवली.

“झालं बोलून?”

“झालं.”

“तुमच्या दादांनीही कपाट एकदाच सरकवलं होतं.”

त्यांनी हळूच विचारलं, “पोरीला दाखवलंत?”

“बघू ना. देवाच्या मनात असेल तसं होईल.”

“माझ्या वेळी देवावर नाही सोडलंत, वहिनी. मला दंडाला धरून नेलंत. आणि माझा दंड काय साधा आहे?”

मला हसू आलं आणि त्याच्यामागून रडूही. पदराने डोळे पुसले. ते उठून गेले नाहीत, बसून राहिले.

“भीती वाटते हो,” मी म्हणाले.

“मलाही. उचलणं सोडलं तर मी कोण, याची.”

मग मीच म्हणाले, “तुम्ही आज मास्तरांना खरं काय ते सांगा. मी उद्या तिला नेते.”

“शब्द?”

“शब्द.”

दारात जाऊन ते वळले. “तुम्हीही चला. एकटा गेलो तर उचलीन.”

तळघर माणसांनी भरलं होतं. दांडा निसटू नये म्हणून पांढऱ्या पुडीने माखलेले हात आणि घामाचा वास. “क्रेन आली रे!” कोणीतरी ओरडलं. “वहिनींना घेऊन? परवानगी काढायला?”

“काढली,” भाऊजी म्हणाले. “मिळाली नाही.”

हशा पिकला. तो विरल्यावर त्यांनी मास्तरांना सगळं सांगितलं. नळी, फुगवटा, आपले दादा. आवाज लहान होता, तरी सगळ्यांनी ऐकलं. मास्तर आमच्या ह्यांना ओळखत होते. ते बाकावर टेकले.

“वजन घेताना कानात धडधड व्हायची का रे?”

“व्हायची. मला ती शाबासकी वाटायची.”

“आणि मी सांगतोय, श्वास सोडू नकोस!”

“तुम्हाला तरी काय माहीत, मास्तर? मलाच नव्हतं.”

मास्तर कितीतरी वेळ हाताची पूड झटकत राहिले, हात स्वच्छ झाले तरी. मग उठून म्हणाले, “काजवे कोणाकोणाला दिसतात?”

सवयीने हात वर गेले, ऐटीत. जवळजवळ सगळ्यांचे. मग जो तो इकडेतिकडे पाहू लागला आणि एकेक हात हळूच खाली आला. मघाशी थट्टा करणाऱ्याचा हात मात्र वरच राहिला. “मास्तर, मला चक्करही येते,” तो म्हणाला. “सांगायची लाज वाटायची.”

“आज कोणी काही उचलणार नाही,” मास्तर म्हणाले. “आधी डॉक्टरांना भेटा. मग बघू.”

कुरकूर झाली. “वर्षभर मरमर केली ती काय प्लेटा पुसायला?” असं एकजण पुटपुटला. भाऊजी दांड्याजवळ गेले. मी जागीच थिजले. पण ते खाली बसले आणि टोकाची वजनाची चकती काढून ठेवली, मग पुढची. पुटपुटणाराच त्यांच्या मदतीला धावला. चकत्या काढताना भाऊजी त्याला दुकानातल्या कुठल्याशा गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होते.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी लेकीला हलवलं.

“आवर. बाहेर जायचंय.”

“कुठे?”

“काकांच्या डॉक्टरीणबाईंकडे.”

ती उठून बसली. “मला काय झालंय?”

“बहुतेक काही नाही. तेच बघून यायचंय.”

“आणि काही निघालं तर?”

“तर कळेल. औषध असतं त्याला. मी आहे, काका आहेत.”

तिने माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं आणि केस विंचरायला घेतले. मी तिची चप्पल दाराशी ठेवली, माझी पायात घातली आणि ती येईपर्यंत दार उघडं धरून उभी राहिले.