रांग नाही तिथे जेवण नाही

आमच्या घरात 'काहीही चालेल' या दोन शब्दांइतके धोक्याचे शब्द दुसरे नाहीत. दर रविवारी सकाळी मी पप्पांना फोन करून विचारते, आज कुठे जेवायचं? ते म्हणतात, काहीही चालेल. मी म्हणते, चिकन-भात? तेलकट असतो. माशाचं सूप? परवाच झालं. पराठा? दातांना त्रास होतो. मग तुम्हाला नक्की काय हवंय? सांगितलं ना, काहीही चालेल.

आठवडाभर मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसून लोकांना नंबराच्या चिठ्ठ्या वाटते. 'माझा नंबर कधी येणार' हा प्रश्न दिवसातून शंभर वेळा ऐकते आणि शंभर वेळा गोड बोलते. रविवारसाठी गोडवा उरत नाही. त्यातून आजचा रविवार साधा नव्हता. आज मी विचारलंच नाही. साडेदहाला तयार राहा म्हटलं आणि फोन ठेवला.

बेत असा होता. माझा धाकटा भाऊ बून हेंग याने आठ महिन्यांपूर्वी इंजिनीअरची नोकरी सोडली आणि दोन स्टेशनं पलीकडच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, खिमा-नूडल्सचा स्टॉल टाकला. पप्पांनी चौतीस वर्षं बस चालवली. पोराने एसीत बसावं म्हणून चालवली, उकळत्या पाण्यासमोर उभं राहावं म्हणून नाही, असं त्यांनी त्याला सुनावलं आणि त्यानंतर त्याच्याशी बोलणं बंद केलं. इमारतीखालच्या कॉफीच्या टेबलावरच्या मित्रांना तर त्यांनी सांगून टाकलं की बून हेंगला कंपनीने सीमेपलीकडे जोहोरला पाठवलंय. आठ महिने माझा भाऊ जोहोरला होता, आणि आम्ही सगळे गप्प.

बरं, एवढंच असतं तर मी सोसलं असतं. पण मागच्या आठवड्यात बून हेंगने मला सांगितलं की स्टॉलचा करार संपतोय आणि तो वाढवून घ्यायचा नाही असं त्याने ठरवलंय. सोमवारी सकाळी तो सेंटरच्या ऑफिसात जाऊन किल्ल्या परत करणार. धंदा नाही. नूडल्स चांगले आहेत हो, माझा भाऊ म्हणून सांगत नाही. मम्मी दर बुधवारी मंदिरात जाते असं सांगून तिथेच जेवून येते, आणि मम्मी चवीच्या बाबतीत कुणाला सोडत नाही. पण लोक थांबतच नाहीत. बून हेंगने माझ्याकडून शपथ घेतली की पप्पांना हे सांगायचं नाही. मी ठरवलं, सांगायचं नाही, पण निदान शेवटच्या दिवशी तरी त्यांना तिथे बसवायचं. पोराच्या हातचं एकदा खाऊ दे, मग दुकान बुडायचं तर बुडू दे.

अकराला आम्ही पोचलो, पप्पा, मम्मी, मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी रुई एन. मम्मीने बून हेंगच्या स्टॉलच्या अगदी समोरच्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट टाकून जागा धरली. आम्ही खुर्च्या ओढेपर्यंत पप्पांनी ते पाकीट उचललं आणि चार टेबलं पलीकडे, खांबाआड नेऊन ठेवलं. म्हणे, इथे पंख्याचा वारा चांगला येतो. मी पाकीट परत आणलं. त्यांनी परत नेलं. शेजारच्या टेबलावरची बाई भात खायची थांबून आमचा खेळ बघत होती. शेवटी रुई एनने मूळच्या टेबलावर बूड टेकलं, फोन काढला आणि सांगितलं की ती आता हलणार नाही. त्या पोरीचा एवढा एकच गुण माझ्यावर गेलाय.

पप्पा बसले. समोर बघायचं टाळता टाळता अखेर बघितलं. बून हेंग काउंटरमागे उभा होता, स्वच्छ एप्रन, स्वच्छ ओटा, आणि पुढे एक माणूस नाही. त्याने आम्हाला पाहिलं, मान खाली घातली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

"इथे रांग नाही," पप्पा म्हणाले.

हा त्यांचा कायदा आहे. रांग नाही तिथे जेवण नाही. त्यांच्या मते रांगेतली माणसं आधीच चूक करून शिकलेली असतात, मग आपण नव्याने कशाला शिकायचं? या कायद्यापायी मी लहानपणी अर्धी उपाशी वाढले आहे. मी काही बोलायच्या आत ते उठले, हात पाठीमागे बांधून 'जरा बघून येतो' म्हणाले आणि चालायला लागले.

दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मम्मीने तोवर बून हेंगकडून वाडगा आणून खायला सुरुवातही केली होती. मी शोधायला गेले. पार दुसऱ्या टोकाला वीस-पंचवीस माणसांची रांग लागलेली आणि तिच्या शेपटाला पप्पा, अगदी समाधानात. मी विचारलं, इथे काय मिळतं? ते म्हणाले, अजून दिसलं नाही, पुढे गेल्यावर कळेल.

मी कपाळाला हात लावला आणि टेबलावर परत आले. अजून अर्ध्या तासाने ते बशी घेऊन आले. अंड्यात परतलेल्या मुळ्याच्या वड्या. त्यांना मुळा आवडत नाही. आयुष्यात कधी आवडला नाही. ते दोन वड्या चिवडत बसले आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला.

बून हेंगच्या स्टॉलसमोर एक जोडपं आलं. पाटी वाचली, आजूबाजूला पाहिलं आणि पुढे गेलं. मग दोन कॉलेजची मुलं आली. तीही वाचून गेली. पप्पा वडी चिवडायचे थांबून बघत होते.

"येतात, वाचतात आणि जातात," ते हळूच म्हणाले. "पुढे कोणी उभंच नाही, तर थांबतील कशाला?"

"तुम्ही थांबलात का?" मी म्हणाले. "सख्खा बाप थांबत नाही, आणि अपेक्षा कॉलेजच्या पोरांकडून." एकदा तोंड उघडलं की मला आवरत नाही. शपथ वगैरे गेली उडत. "उद्या तो किल्ल्या परत करणार आहे. आजचा शेवटचा दिवस आहे. करा आनंद. आता सांगा मित्रांना, जोहोरहून परत आला म्हणून."

मम्मीच्या हातातल्या नूडल्स खायच्या काड्या थांबल्या. रुई एनने चक्क फोन खाली ठेवला. पप्पांनी बशी बाजूला सरकवली, शर्ट खाली ओढून नीट केला आणि उठले. मला वाटलं, निघाले घरी. झालं, सकाळपासून जुळवलेलं एका वाक्यात घालवलं, आणि तेही मीच.

ते दाराकडे गेले नाहीत. सरळ जाऊन बून हेंगच्या स्टॉलसमोर उभे राहिले.

आणि नुसते उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला, आणि पाटी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले. बून हेंग वाट बघत होता. दोघांच्यामध्ये हातभर ओटा होता आणि आठ महिने होते. पाटीवर एकूण पाच पदार्थ आहेत. पप्पांनी ते दोनदा वाचले. मग नूडल्स जाड की बारीक, त्यात बारीक म्हणजे किती बारीक, कलेजी आहे का, असली तर वेगळी मिळेल का. मला राहवेना. पोराचा शेवटचा दिवस, आणि हा माणूस त्याची झडती घेतोय. मी तरातरा गेले, मागून त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, पप्पा, पुरे.

त्यांनी मान वळवली नाही. "मागे उभी राहा," म्हणाले. "नीट, सरळ उभी राहा."

या वयात मला सरळ उभं राहायला सांगतात. संतापाने मी हाताची घडी घातली आणि तशीच उभी राहिले. तेवढ्यात भाजीची ट्रॉली ओढत एक म्हातारी आली आणि माझ्या मागे थांबली. तिने मला विचारलं, इथलं काय चांगलं आहे? मी रागातच म्हटलं, खिमा-नूडल्स. तिच्या मागे मघाचं ते जोडपं आलं. नवरा बायकोला म्हणत होता, मी मघाशीच म्हटलं होतं ना. मग कोणाचे तरी तीन मित्र. मग एक बाई, जिने आधी रांग धरली आणि मग पुढच्याला विचारलं की ही रांग कसली आहे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रांगेचे नंबर वाटून पोट भरणारी बाई मी, आणि मला कळायला एवढा वेळ लागला.

इकडे पप्पा मशरूमवर आले होते. ताजे की वाळवलेले? भिजवतोस किती वेळ? बून हेंगचे कान लाल झाले होते. त्याला अजून काही कळलं नव्हतं. सगळ्या गिऱ्हाइकांशी बोलतो तसाच तो बापाशी बोलला. "अंकल, पटकन सांगा ना, मागे लोक उभे आहेत."

"किती?"

बून हेंगने मान उंचावून पाहिलं. "सात."

"सातच?" पप्पा म्हणाले, आणि विचारलं, की व्हिनेगर कुठलं वापरतोस?

बून हेंगच्या हातातली जाळी उकळत्या पाण्यावर तशीच राहिली. त्याने पप्पांकडे पाहिलं, मग रांगेकडे, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तो पाठ फिरवून मशरूमचा डबा शोधायला लागला. डबा त्याच्या समोरच होता.

वाडगा घेऊन पप्पा टेबलावर आले आणि मम्मीला म्हणाले की तू जा, रांगेच्या शेवटी उभी राहा. मम्मीने पर्स आधीच खांद्याला अडकवली होती. रुई एनलाही पाठवलं. तिने कुरकुर केली, की मला भूक नाही. भूक कोणी विचारली नाही, असं सांगून त्यांनी तिला उठवलं. मी माझा वाडगा घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी नूडल्स कालवले, खाल्ले, थांबले, पुन्हा खाल्ले. मी विचारलं, कसं आहे? व्हिनेगर कमी आहे, ते म्हणाले. मग वाडगा दोन्ही हातांनी उचलून तळाचा रस्सा प्यायले, ट्रे जागेवर नेऊन ठेवला आणि जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. आता त्यांच्यापुढे बारा माणसं होती. मम्मी आणि रुई एन सोडली तर बाकीची खरी.

आणि नेमके तेव्हाच किम हॉक अंकल उगवले. पप्पांच्या कॉफीच्या टेबलावरचे. सबंध वसाहतीची खबर ज्यांच्या खिशात असते, ते. मुळ्याच्या वड्यांसाठी आले होते. पप्पांना बघून थेट त्यांच्या शेजारी येऊन चिकटले. मी जवळच्या टेबलावर होते, काड्या खाली ठेवून कान दिले.

"अरे क्वेक, तू इकडे? कोणाचा स्टॉल हा?" त्यांनी पप्पांना विचारलं.

पप्पांनी पुढे बघितलं. बून हेंगने ऐकलं होतं. वाफेआड त्याचे हात चालू होते, पण मान वर होत नव्हती. मला माझा बाप माहीत आहे. अब्रूसाठी आठ महिने तिखटमीठ लावून खोटं बोललेला माणूस, आणखी आठ वर्षं बोलला असता.

"माझ्या मुलाचा," पप्पा म्हणाले. "बून हेंगचा."

"तो जोहोरला ना?"

"नाही. इथेच आहे. कधी गेलाच नव्हता." आणि किम हॉक अंकल आणखी काही विचारणार, तोच पप्पांनी त्यांना कोपराने मागे ढकललं. "मध्ये घुसू नकोस. लोक उभे आहेत. मागे जा."

किम हॉक अंकल निमूटपणे मागे गेले. मी डोळे पुसले. मिरची बरीच होती, पण मिरचीमुळे नाही.

एक वाजायच्या आत खिमा संपला. उद्या बंदच करायचं म्हणून बून हेंगने आणलाच होता निम्मा. पप्पांपुढे दोन माणसं असताना त्याने हात वर करून सांगितलं की सॉरी, संपलं. दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिलेला बाप रिकाम्या हाती. लोक कुरकुरत पांगले. किम हॉक अंकल बडबडत मुळ्याच्या वड्यांकडे वळले. एका रविवारच्या रांगेवर स्टॉल चालत नसतो, एवढं मलाही कळतं. मी दुधखुळी नाही.

पप्पा मात्र ओट्यापाशी जाऊन उभेच राहिले.

"उद्या किती वाजता उघडतोस?"

बून हेंग एप्रनला हात पुसत राहिला. बराच वेळ पुसत राहिला. उद्या सोमवार होता. किल्ल्या त्याच्या खिशात होत्या, मला ठाऊक होतं.

"सातला," तो म्हणाला.

"मी साडेसहाला येतो."

"साडेसहाला कशाला, पप्पा? सातच्या आधी पाणीसुद्धा उकळत नाही."

"मग काय झालं?" पप्पा म्हणाले. "रांग लागेल."