लोण्यात शिरावं तसं

“हे सांगून कोणाला पटायचं नाही,” असं म्हणत काकांनी टेबलावरचं चांदीचं नाणं उचललं आणि सरळ जिभेवर ठेवलं.

“काका, ते संग्रहालयाचं आहे.”

“दोन हजार वर्षांत कुठून कुठून फिरलं असेल ते. माझ्याच जिभेचं वावडं का?” नाणं त्यांनी रुमालाने पुसलं. “एके काळी नुसत्या चवीवरून खाण सांगायचो मी. समुद्रापलीकडचीसुद्धा. तुझ्या बाबांना विचार.”

बाबांना विचारायची सोय गेल्या वर्षीच संपली होती. तिने नाणं चिमट्याने उचलून स्पिरिटमध्ये बुडवलं.

प्रयोगशाळा तीच होती. पस्तीस वर्षांपूर्वी काका आणि तिचे बाबा इथेच शेजारी-शेजारी काम करत. चांदी कितीही शुद्ध केली तरी तिच्यात शिशाचा अंश उरतो, आणि खाणीगणिक त्या शिशाची घडण निराळी असते. त्यावरून दोघांनी चाळीस नाण्यांचं माहेर शोधलं. चाळीसही एकाच खाणीची निघाली. व्याख्यानं झाली, सत्कार झाले. मग कोणीतरी तीच नाणी दुसरीकडे तपासली, तर ती सात ठिकाणची. नमुने घेताना ड्रिलचं टोक दर नाण्यानंतर धुतलंच नव्हतं. ठपका बाबांवर आला. उरलेलं आयुष्य त्यांनी चष्म्याच्या दुकानात काढलं. काका दर वर्षी तिथूनच नवा चष्मा करून घेत, नंबर बदलो न बदलो.

संग्रहालयासाठी त्या जुन्या चुकीचा अहवाल ती आज पुरा करत होती. एकच ओळ कोरी होती: नमुने कोणी घेतले. जुन्या वहीत त्या जागी सही नव्हती. म्हणून तर तिने काकांना बोलावलं होतं.

“ड्रिल बाबांनीच धरलं होतं?”

“म्हणजे काय. मी पार पलीकडे, आकडे टिपत. मधे एवढा पसारा, की त्याला निरोप द्यायचा तर टपालात टाकावा लागायचा.”

ती हसली नाही. तिने पेनाचं टोपण काढलं आणि त्या ओळीवर बाबांच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं. काका त्या अक्षराकडे बघत राहिले.

“त्याला फार दोष देऊ नकोस हं,” ते म्हणाले. आवाजातला नेहमीचा तोरा उतरला होता. “घोटाळा पहिल्याच नाण्याने केला. वर चांदीचा पत्रा, आत निव्वळ शिसं. त्याचा चुरा टोकाला चिकटला आणि उरलेल्या सगळ्यांत गेला. तेव्हाच ओळखायला हवं होतं. चांदी कशी अडते, मनगटापर्यंत थरथर येते. आणि हे... लोण्यात शिरावं तसं टोक आत गेलं. हातातला जोरच कोणी काढून घेतल्यासारखं. वाटलं, थांबावं, टोक धुवावं. पण एकोणचाळीस राहिली होती, आणि दुपारी साहेब यायचे होते...”

त्यांची तर्जनी आणि अंगठा एकमेकांना टेकले होते. हवेत काहीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखे.

तिने पेन खाली ठेवलं.

“काका, हे हाताला कळतं. पलीकडून नाही दिसत. ड्रिल बाबांनी धरलंच नव्हतं.”